घाट उतरून गरवायला: नाशिककरांसाठी खाऱ्या पाण्याची पहिली शिकवणी

कोजागरीचं मसाला दूध पिऊन रात्री एक वाजता आम्ही चौघं नाशिकहून समुद्रावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, निघालो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत पहाटे साडेपाचला बोर्डीच्या सुरूच्या झाडांखाली गाडी लावली. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला कणकेचे गोळे लावून रोहू-कटला धरत मोठे झालेलो, त्यामुळे मासा उजाडता उजाडता खातो हे डोक्यात पक्कं बसलेलं. रॉड जोडले, वाळूवर आलो, आणि समोर समुद्रच नव्हता. नजर पोहोचेल तिथपर्यंत ओला गाळ, त्याच्या पलीकडे कुठेतरी एक पांढरी रेघ. बोंबील वाळत घालायला आलेल्या एका मावशींनी आमचे चकचकीत रॉड पाहिले आणि म्हणाल्या, "पुनवेला सकाळी कोण येतं गरवायला? पाणी बाराला येईल."

पाणी खरंच बाराला आलं. तोवर आम्ही उन्हात भाजून निघालो होतो, आणि बर्फात ठेवलेल्या आमिषाचा वास सुटला होता.

म्हणून या लेखात रॉडच्या आधी तिथी. धरणावर वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, कारण धरणाचं पाणी जागेवर असतं. समुद्रावर मासा पाण्याबरोबर येतो आणि पाण्याबरोबर जातो. शनिवार-रविवारची सुट्टी बघून निघालात तर दोनातल्या एका खेपेला आमच्यासारखे गाळाकडे बघत बसाल.

आधी तिथी बघा

चोवीस तास पन्नास मिनिटांत साधारण दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. ओहोटीला किनाऱ्यावर सुकती असंही म्हणतात. म्हणजे आज सकाळी सहाला भरती असेल तर उद्या ती सातला दहा कमी असताना. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असतो, तो भांग.

आता भिंतीवरची दिनदर्शिका काढा. उत्तर कोकणात जुन्या लोकांचा एक हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा-साडेसहा. दशमीला साडेसात. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या जवळपास. दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासून नव्याने. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चाला आणि निघण्यापूर्वी मोबाइलवर त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघून पक्कं करा. पण हिशेब तोंडपाठ ठेवाच. मोखाड्याच्या पुढे रेंज गेली की कोष्टक उघडत नाही, तिथी मात्र डोक्यात असते.

नवख्याने षष्ठी ते दशमी या दिवसांतच जावं, असं माझं ठाम मत आहे. त्या दिवसांत भरती सकाळी आणि संध्याकाळी येते, ऊन डोक्यावर नसतं, आणि भांगामुळे पाण्याची ओढ कमी असते. शिसं, म्हणजे दोरीला लावलेलं वजन, जागेवर टिकतं, पाणीही त्यातल्या त्यात निवळ असतं. उधाणात पालघरच्या किनाऱ्यावर पाण्याचा रंग चहासारखा होतो आणि साठ ग्रॅमचं शिसं चेंडूसारखं वाहत जातं. उधाणाची ओढ डोल जाळी लावणाऱ्यांच्या कामाची, कारण त्यांचं जाळं भरतं तेच त्या ओढीने. आपल्याला ती ओढ फार उपयोगाची नाही.

वेळेचं गणित असं बसवा: भरती पूर्ण होण्याच्या अडीच-तीन तास आधी किनाऱ्यावर पोहोचा, पाणी फिरल्यानंतर तासभर थांबा, मग गुंडाळा. शेवटचा चढता तास आणि पहिला उतरता तास हे सोन्याचे. पाणी पूर्ण थांबलेलं असतं तेव्हा मासाही थांबतो; तेव्हा डबा उघडा.

ऑक्टोबरच का

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. ऑगस्टपासून, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे, बोटी बाहेर पडतात. किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांनी मात्र आणखी दीड-दोन महिने धीर धरलेला बरा. ऑगस्ट-सप्टेंबरात खाड्यांतून गढूळ गोडं पाणी येतच असतं, लाटाही मोठ्या असतात.

नाशिककराने इथे आपल्या दुसऱ्या नदीची आठवण ठेवावी. गोदावरी ब्रह्मगिरीवरून निघून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते, तिचं सगळ्यांना कौतुक. पण त्याच त्र्यंबकच्या डोंगरातून वैतरणा निघते, ती पश्चिमेला उतरून अर्नाळा आणि दातिवरे यांच्यामध्ये समुद्राला मिळते. पावसात आपल्याकडे पडलेलं पाणी तिच्या मुखाशी लाल होऊन पोहोचतं. पाऊस ओसरला की हा लोंढा आटतो, खाडीत पुन्हा खारं पाणी शिरतं. पावसाळाभर खाडीत वाढलेली कोळंबी समुद्राकडे निघते, बोय माशांचे थवे काठाकाठाने फिरतात, आणि त्यांच्या मागावर जिताडा, रावस, तांबोशी खाडीच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. दसऱ्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा हा काळ मला वर्षातला सर्वांत चांगला वाटतो. सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो, समुद्र ताटासारखा असतो. दुपारी खारे वारे सुटले की फेकलेली दोरी परत आपल्याच अंगावर.

एक इशारा. हाच काळ अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचाही आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान थेट आपल्या किनाऱ्यावर आलं, २०१९ मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा लागोपाठ आली. हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा इशारा निघण्याच्या आदल्या रात्री बघा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलेला असेल तर मासळी विकत घेऊन परत या, त्यात कमीपणा नाही.

कुठे जायचं

जवळचा पर्याय पालघर जिल्ह्याचा किनारा. तोरंगण घाटाने मोखाडा-जव्हार करत गेलात तर नाशिकपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चार-साडेचार तास. पावसाने रस्त्याची चाळण केलेली असते, त्यामुळे रात्री घाई नको. गाडी नसेल तर नाशिक रोडहून दादर आणि तिथून पश्चिम रेल्वेने पालघर, केळवे रोड किंवा डहाणू रोड. दोन तुकड्यांत उघडणारा रॉड असेल तर लोकलमध्ये शिव्या कमी बसतात.

केळवे, शिरगाव, डहाणू, बोर्डी हे किनारे सपाट आणि मऊ. शिकायला उत्तम, पण भरतीलाच. खाडीचं तोंड निवडा, मोकळ्या किनाऱ्यापेक्षा तिथे मासा जास्त फिरतो. पाणी वळसा घेतं ती जागा, खडकांचा एखादा पट्टा, वाळूच्या दांड्याला लागून असलेला खोलगट भाग, हे सगळं ओहोटीला दिसतं. तेव्हा पहिल्यांदा जात असाल तर एक ओहोटी नुसती चालण्यात घालवा. मोबाइलवर फोटो काढा. सहा तासांनी तिथेच पाणी असेल आणि कुठे फेकायचं ते तुम्हाला ठाऊक असेल. आमची बोर्डीची सकाळ फुकट गेली असं मी इतके दिवस सांगत आलो. खरं तर तिथला खोलगट भाग मला त्याच सकाळी सापडला.

तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या आसपास रॉड घेऊन फिरू नका. आधार कार्ड जवळ ठेवा, सागरी पोलीस विचारतात आणि त्यांनी विचारावंच. सातपाटीसारख्या बंदरावर मासळी उतरत असताना धक्क्यावर उभं राहून गरवणं म्हणजे दुसऱ्याच्या दुकानात पथारी मांडणं. खाडीत खुंट रोवलेले दिसले की तिथे जाळी आहेत असं समजा आणि लांब जा. गावात आधी विचारा. "काका, इथे गरवलं तर चालेल का?" एवढ्या प्रश्नाने जागा, आमिष आणि चहा तिन्ही मिळतात.

पाणी निवळ हवं असेल तर रायगडात रेवदंडा-कोर्लई किंवा खाली रत्नागिरी-सिंधुदुर्ग. तिथे खडक आहेत आणि कृत्रिम आमिषं चालतात, पण ते दुसऱ्या वर्षाचं काम. मालवणला गेलात तर १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे हे लक्षात ठेवा आणि कुठे मनाई आहे ते आधी विचारून घ्या.

सामान

धरणावरचा सहा फुटी रॉड घेऊन याल तर लाटांच्या आतच शिसं पडेल. नऊ ते दहा फुटांचा, चाळीस ते ऐंशी ग्रॅम फेकू शकणारा स्पिनिंग रॉड घ्या. रील ४००० किंवा ५००० आकाराचं. त्यावर वीस ते तीस पौंडांची ब्रेडेड दोरी, किमान दोनशे मीटर. पुढे दीड-दोन मीटर जाड नायलॉनचा लीडर, तीस-चाळीस पौंडांचा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत हे सगळं हाताळून घेता येतं. ऑनलाइन घेताना रीलचा फोटोच खरेदी करतोय असं समजा. पैसे कमी असतील तर रॉड स्वस्त घ्या, दोरी नको.

गळ म्हणजे हूक १/० ते ३/० आकाराचे, आणि नवख्यांसाठी सर्कल हूकच. त्याचं टोक आत वळलेलं असतं. मासा आमिष घेऊन निघाला की गळ आपोआप त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात बसतो. इथे धरणावरची सवय घात करते. आपण दोरी हलली की झटका मारतो. सर्कल हूकला झटका मारलात की तो तोंडातून सरळ बाहेर येतो. रॉड वाकू द्या, मग नुसतं रील फिरवायला लागा. ही एक सवय मोडायला मला अख्खा हंगाम लागला.

बाकी: पन्नास ते ऐंशी ग्रॅमची शिसं डझनभर, स्विव्हल म्हणजे गोल फिरणारी जोडकडी, मणी, लांब पक्कड, कात्री, डोक्यावरचा दिवा, टोपी, जाड तळाचे बूट, दोन लिटर पाणी जास्तीचं, आणि बर्फाची पेटी. चपला गाळात राहतात, तुम्ही पुढे जाता.

बांधणी

सर्वांत सोपी बांधणी पुरेशी आहे. मूळ दोरीत छिद्राचं शिसं ओवा, मग एक मणी, मग स्विव्हल. स्विव्हलच्या दुसऱ्या टोकाला त्याच लीडरच्या नायलॉनचा दोन-अडीच फुटांचा तुकडा आणि त्याला गळ. मासा आमिष ओढतो तेव्हा दोरी शिशातून सरकते, त्याला वजन लागत नाही. हीच रचना वाळू-गाळात चालते. खडकाळ जागी शिसं वेगळ्या कमजोर दोरीने लटकवा; अडकलं तर फक्त शिसं तुटेल, बाकीचं परत येईल.

गाठ एकच शिका, युनी नॉट, पण ती अंधारात बांधता आली पाहिजे. घरी टीव्हीसमोर बसून पन्नासदा बांधा. आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा, नाहीतर घर्षणाने नायलॉन भाजून कमजोर होतं. ब्रेड आणि लीडर जोडायला हीच गाठ दोन्ही बाजूंनी समोरासमोर बांधतात. ब्रेडला वेढे दुप्पट द्या, ती निसरडी असते.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक, किती आवळायचा हा नेहमीचा प्रश्न. दोन लिटरची भरलेली पाण्याची बाटली दोरीला बांधा, रॉड बाजूला ठेवून थेट रीलवरून उचला. बाटली उचलताना दोरी जेमतेम सुटायला लागली की ड्रॅग साधारण दोन किलोवर आला. पहिल्या वर्षी याहून जास्त नको.

फेकण्याचा सराव नाशिकातच करून निघा. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चालणाऱ्यांच्या गर्दीत मात्र नको. साठ ग्रॅमचं शिसं दोरी तुटून सुटलं तर गोफणीच्या दगडासारखं जातं. गावाबाहेरचं मोकळं माळरान बघा. जोर हातात नसतो, रॉड वाकण्यात असतो. पन्नास मीटर सरळ गेलं तरी भरपूर आहे, भरतीला बरेचसे मासे लाटा फुटतात त्याच्या आतबाहेरच खात असतात.

आमिष

कणीक घरी ठेवा. ताजी कोळंबी हे पहिलं आमिष, जिवंत मिळाली तर प्रश्नच मिटला. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणाऱ्या स्थानिक पोराला शंभर रुपये दिले की मूठभर मिळते. त्यानंतर बोयाचे तुकडे आणि माकूळ, म्हणजे स्क्विड. माकूळ गळावर चिवट राहतं, लहान मासे कुरतडून संपवत नाहीत. आमिष सावलीत, बर्फावर, पण बर्फाच्या पाण्यात नाही. दर वीस मिनिटांनी बदला. गढूळ पाण्यात मासा डोळ्यांपेक्षा वासावर येतो, धुऊन निघालेल्या कोळंबीला वास कुठला?

गळाला काय लागेल

पहिल्या खेपेला बहुधा शिंगाळा. त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांत विष असतं, आणि नवख्याचा हात नेमका तिथेच जातो. पक्कडीने गळ काढा, जमत नसेल तर लीडर कापा. पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, लागली तर शेपटीपासून लांब राहा. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला. पाकट सावध होऊन निघून जाते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग तासभर बुडवून ठेवा, वेदना झपाट्याने कमी होते, आणि मग दवाखाना गाठा. माझ्या गाडीत थर्मास यासाठीच असतो, चहासाठी नव्हे. आमच्यातल्या एकाने ते एकदा विसरून चहा भरला होता आणि त्याच दिवशी त्याच्याच अंगठ्यात काटा गेला.

त्यानंतर ढोमा, वाम, एखादा रावस. रावस लागला तर तो सरळ पळतो, पळू द्या. जिताडा उडी मारून डोकं झटकतो. रॉड खाली घ्या, दोरी ताणलेली ठेवा. त्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, तिथे बोट घालू नका. मालवणकडे यालाच चोणक म्हणतात. जिताड्याची एक गंमत: तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी मिरवलेला दहा किलोचा जिताडा बहुधा अंड्यांची मादी. मी तीन-चार किलोच्या वरचा सोडतो. बायको म्हणते लागलाय कुठे अजून.

पापलेटची स्वप्नं बघू नका. २०२३ मध्ये तो राज्यमासा झाला, पण तो जाळ्याचा मासा, गळाला जवळपास येतच नाही. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींसाठी किमान आकारही ठरवून दिले. कोष्टक बघा, आणि शंका आली तर लहान मासा परत पाण्यात. कासव, करवत मासा, समुद्रघोडा असं काही अडकलं तर दोरी कापून तिथेच सोडायचं, फोटोची हौससुद्धा नको; कायद्याने ते संरक्षित आहेत. समुद्रसाप दिसला तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या.

जीव सांभाळून

सपाट किनाऱ्यावर भरती समोरून येते असं वाटतं. ती मागूनही येते. वाळूच्या दांड्यामागचा ओहोळ आधी भरतो आणि तुम्ही बेटावर उभे असता. पाठीमागे बघायची सवय लावा, दर दहा मिनिटांनी. गाळात पाय रुतला तर जोराने ओढू नका. बसा, मागे रेला, वजन पसरवा आणि एकेक पाय सोडवा. एकट्याने जाऊ नका.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस गडगडाट करत येतो. कार्बन फायबरचा रॉड विजेसाठी दहा फुटी निमंत्रण आहे. गडगडाट ऐकू आला की रॉड वाळूवर आडवा टाका आणि गाडीत जाऊन बसा. मासा लागलेला असला तरी.

परतीचा घाट

मासा लागल्या लागल्या मारा, कल्ल्याजवळ कापून रक्त काढा, पोट साफ करा. पेटीत बर्फ आणि थोडं समुद्राचंच पाणी घालून लापशीसारखं करा. सुट्या खड्यांपेक्षा त्यात मासा लवकर गार होतो. निघताना पाणी काढून टाका आणि माशाइतक्याच वजनाचा नवा बर्फ भरा. बर्फ किनाऱ्यावरच्या बंदरातून घ्या, जव्हारला मिळेल या भरवशावर निघू नका.

घरी पोहोचल्यावर झोपण्यापूर्वी एक काम. रॉड आणि रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, जोराच्या फवाऱ्याने नाही. त्याने मीठ आत ढकललं जातं. रील धुताना ड्रॅग आवळलेला असू द्या, पुसून झालं की पूर्ण सैल करा. दोरीचे वरचे तीस-चाळीस मीटर ओल्या फडक्यातून ओढा. मग दिनदर्शिकेवर पुढच्या षष्ठीला खूण करा, आणि ती शनिवारी येत नसेल तर रजेचा अर्ज आधीच टाकून ठेवा.